नव्या घरातली यंत्रं: बोअरचं पाणी, शाळूचं पीठ आणि तिन्ही ऋतू

गेल्या गुढीपाडव्याला आम्ही सांगलीच्या विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, आता थंडीही सरत आली, म्हणजे घरातल्या यंत्रांचा जो काही कस लागायचा तो लागून झाला. नव्या घरासाठी खरेदी करणारे नातेवाईक अधूनमधून फोन करतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुठल्या कंपनीचं घेतलंस?"

कंपन्यांची नावं मी इथे मुद्दाम लिहीत नाही. एकाच कंपनीचा फ्रीज उत्तम आणि मिक्सर टाकाऊ, असं सर्रास असतं. शिवाय आज मी नाव सांगितलं तर तुम्ही दुकानात जाईपर्यंत ते मॉडेल बंद झालेलं असतं. माझं मत असं झालंय की आपल्याकडे वस्तू टिकते की नाही, हे आधी घरातल्या पाण्यावर ठरतं, मग अर्थिंगवर, आणि शेवटी बिघडल्यावर गावात ती उघडून बघणारा माणूस आहे की नाही यावर. नाव त्यानंतर.

म्हणून सुरुवात अर्थिंगपासून. फ्लॅटचा ताबा मिळाल्यावर टाइल्स, रंग सगळं बघितलं जातं, पण तिसऱ्या मोठ्या पिनच्या मागे खरंच वायर जोडलीय का, हे कोणी बघत नाही. आमच्या वायरमनने मीटर लावला तर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात जेवढे व्होल्ट दिसायला नकोत तेवढे दिसत होते. इमारतीचा अर्थिंगचा खड्डा उन्हाने ठणठणीत कोरडा पडला होता. पाणी, मीठ, कोळसा घालून तो जागेवर आणला आणि मगच गिझर लावला. त्याच फेरीत मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घेतला. गिझर, वॉशिंग मशीन, मिक्सर, जिथे ओले हात लागतात तिथे हा खर्च टाळू नये. गिझर, घरघंटी आणि वॉशिंग मशीन यांना १६ अँपिअरचे स्वतंत्र पॉइंट हवेत. एक्स्टेंशन बोर्डावर गिझर चालवणारी घरं मी पाहिली आहेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

आता पाणी. आमच्या सोसायटीत महापालिकेचं कृष्णेचं पाणी आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत पडतं. स्वयंपाकघरात फक्त नळाच्या पाण्याची वेगळी लाइन आहे, एवढं नशीब. पाण्यात विरघळलेले क्षार वगैरे (टीडीएस, लिटरला किती मिलिग्रॅम) दाखवणारा मीटर स्वस्तात मिळतो. तो बुडवून बघितला तर नळाचं पाणी ३०० च्या आत आणि बोअरचं हजाराच्या वर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० ही चांगली मर्यादा धरलीय आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतलंय. टीडीएस म्हणजेच पाण्याचा जडपणा असं काटेकोरपणे म्हणता येत नाही, पण साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरी रेघ उठते, तेव्हा वेगळा पुरावा लागत नाही. दुकानदाराने आम्हाला आरओ घ्यायचा आग्रह केला होता. नळाच्या लाइनवर आम्ही साधा यूव्ही लावला आणि तो पुरतोय. आरओमध्ये एक लिटर शुद्ध पाण्यामागे त्याहून जास्त पाणी मोरीत जातं, ते सांडताना बघवलं नसतं. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की बाहेरचा कँडल फिल्टर काही दिवसांतच तांबडा होतो, तेवढा धुवावा लागतो.

गिझरची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त शिकवलं त्यानेच. पंधरा लिटरचा, दोन किलोवॉटचा, आतून काचेचा लेप असलेल्या टाकीचा घेतला. दिवाळीच्या आधी सर्व्हिसिंगला बोलावलं. आलेल्या पोराने पहिला प्रश्न विचारला, "वहिनी, बोअरचं पानी हाय का नळाचं?" मिश्र आहे म्हटल्यावर त्याने काही न बोलता खालच्या अंगाने बोल्ट सोडले, पाणी काढलं आणि हीटिंग एलिमेंट बाहेर ओढला. तांब्याच्या नळीचा रंग कुठे दिसेचना, सगळीकडे पांढरट खडबडीत कवच. बोटाने दाबलं की पापुद्रे तुटत होते आणि टाकीच्या तळाला मूठभर खडे निघाले. त्याच्या शेजारी मॅग्नेशियमची कांडी असते, तिला अॅनोड म्हणतात. टाकीच्या पत्र्याला गंज लागण्याऐवजी ही कांडी स्वतः झिजते, तेवढ्यासाठीच ती ठेवलेली असते. आमची निम्म्याहून जास्त संपली होती. ती बदलायला काही शे रुपये लागले. कांडी संपल्यावर मात्र पाण्याचा मोर्चा टाकीकडे वळतो आणि टाकी फुटली की गिझर भंगारात. दुकानात 'टाकीवर इतकी वर्षं वॉरंटी' हे मोठ्या अक्षरात सांगतात, कांडी बदलायची असते हे कोणी सांगत नाही. त्या पोराने थर्मोस्टॅटही ५५ च्या आसपास आणून ठेवला, कारण पाणी जितकं जास्त तापवाल तितके क्षार जोमाने चिकटतात. सासूबाईंना आधी वाटलं पाणी कोमटच येणार. तसं काही झालं नाही, त्या अजूनही अर्धी बादली गार पाणी मिसळूनच घेतात.

गिझरवरच्या स्टारचा अर्थही समजून घ्या. तापलेलं पाणी टाकीत नुसतं ठेवलं तर किती उष्णता वाया जाते, ते हे स्टार सांगतात. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला साधारण ०.६ युनिट लागतंच, दोन किलोवॉटच्या गिझरला त्यासाठी अठरा-वीस मिनिटं लागतात, मग स्टार तीन असोत की पाच. तुम्ही आंघोळीच्या आधी लावून लगेच बंद करत असाल तर जास्त स्टारसाठी मोजलेले पैसे वसूल व्हायला बराच काळ जाईल. दिवसभर चालू ठेवत असाल तर मात्र स्टार बघाच.

वॉशिंग मशीनच्या बाबतीत जाहिरातींनी जवळजवळ फ्रंट लोड घ्यायला लावलं होतं. कपडे त्यात चांगले निघतात, यात वाद नाही. पण त्यातल्या बऱ्याच मॉडेलना पाण्याला किमान दाब लागतो. साधारण ०.३ बार धरला, तर टाकीतल्या पाण्याची पातळी मशीनच्या नळापेक्षा तीन मीटर उंच हवी. आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर आणि टाकी त्याच छतावर. टेपने मोजलं तेव्हा जेमतेम भरत होतं, टाकी अर्धी झाली की संपलं. त्यामुळे कमी दाबाला चालणारं टॉप लोड घेतलं. पाण्याच्या पाइपच्या तोंडाशी एक छोटी जाळी असते, बोअरची वाळू तिथे अडकते आणि मशीन 'पाणी येत नाही' म्हणून थांबतं. आमचं असं थांबलं तेव्हा जाळी धुतली, काम झालं. शेजारच्या काकूंनी याच कारणासाठी तंत्रज्ञ बोलावून व्हिजिट चार्ज भरला. गडद कपड्यांवर पांढुरके डाग राहतात ते दर वेळी पावडरचेच नसतात, क्षारांचेही असतात. मी महत्त्वाच्या साड्या नळाच्या पाण्यात हातानेच काढते.

फ्रीजबद्दल सांगण्यासारखं फार नाही, आणि फ्रीजला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नसेल. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज खाली यायचं तरी कुरकुर न करता चालला, कारण स्टॅबिलायझरशिवाय किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालेल हे बघून घेतला होता. लेबलवर स्टारपेक्षा त्याखालचा वर्षाला किती युनिट हा आकडा वाचा, आणि लेबल कुठल्या काळासाठीचं आहे तेही. स्टारचे निकष ठरावीक वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलचे पाच आणि नव्या लेबलचे पाच एकसारखे नसतात.

आता मिक्सर. सांगली-साताऱ्याकडच्या घरात मिक्सरची परीक्षा मिल्कशेकवर होत नाही. वर्षाची कांदा-लसूण चटणी आम्ही डंकावरच कुटून आणतो, ते मिक्सरचं काम नाही. पण मधल्या वेळेला लागणारं सुकं खोबरं, तीळ, लसूण, शेंगदाण्याची चटणी, खर्डा हे सगळं घरीच. ७५० वॉटचा घेतला. सुक्या खोबऱ्याचा पहिला मोठा घाणा घातला आणि मिक्सर बंद पडला. सासूबाई म्हणाल्या, "गेला वाटतं!" खाली पालथा करून लाल बटण दाबायचं असतं. ते ओव्हरलोडचं संरक्षण, मोटरवर ताण आला की आपोआप वीज तोडतं. दहा मिनिटं थांबून चालू केला, पुन्हा व्यवस्थित. ज्या मिक्सरला हे बटण सहज सापडत नाही तो घेऊ नका. तळाचा कपलरही बघा: तो मुद्दाम मऊ प्लास्टिकचा किंवा रबराचा करतात, म्हणजे भांडं अडकलं तर कपलरचे दात तुटतात आणि मोटर वाचते. गणपती पेठेत त्याच मापाचा कपलर मिळतो का, हे मी मिक्सर घेण्याआधी विचारून आले होते. दुकानदार हसला, पण मिळत होता.

घरघंटी घ्यायला मी फारशी राजी नव्हते, सासूबाईंचा हट्ट. आज विचाराल तर घरातली सगळ्यात लाडकी वस्तू तीच आहे. एक अश्वशक्तीची मोटर, सिंगल फेज. शाळूचं पीठ गिरणीतून पंधरा दिवसांचं आणलं की शेवटी शेवटी त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात. आता तीन-चार दिवसांपुरतंच दळतो आणि भाकरी टम्म फुगते. शाळूला वेगळी जाळी, गव्हाला वेगळी, डाळीला वेगळी. जाळी बदलायचा कंटाळा केला तर पीठ रवाळ येतं किंवा गरम होतं. धान्य नीट निवडून घालावं लागतं, एक खडा गेला तर जाळीला भोक. आवाज मोठा आहे, दुपारी दोन ते चार आम्ही लावत नाही. पिठाची धूळ कापडी पिशवीतून थोडी उडतेच, म्हणून ती बाल्कनीच्या दाराशी ठेवलीय. भाकरी रोज होत नसेल तर ही वस्तू तुमच्यासाठी नाही.

बिघाड आणि दुरुस्तीबद्दलचं माझं मत मात्र या फ्लॅटमध्ये तयार झालेलं नाही. सासऱ्यांचं जुनं घर गावभागात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. घर उघडलं तेव्हा सगळ्यावर गाळ. जुनं सेमी ऑटोमॅटिक मशीन, ज्याला स्प्रिंगचा फिरवायचा टायमर होता, ते धुऊन, वाळवून, मोटर भाजून घेऊन पुन्हा चालू झालं. दिराचं नवं पूर्ण ऑटोमॅटिक मशीन गेलं ते गेलंच, त्याचा सर्किट बोर्ड चिखलात होता आणि नव्या बोर्डाची किंमत ऐकून त्याने नाद सोडला. फ्रीजचा कॉम्प्रेसर बंदिस्त असल्यामुळे वाचला, पण भिंतींमधल्या फोममध्ये शिरलेला वास शेवटपर्यंत गेला नाही. तेव्हापासून आमच्या घरात खरेदी करताना पहिला प्रश्न असतो, यात बोर्ड किती? 'मोटरवर दहा वर्षं' हे ऐकायला छान वाटतं, पण आजकाल मोटर क्वचित जाते, जातो तो बोर्ड, आणि त्यावर वॉरंटी किती हे बारीक अक्षरात असतं. ते वाचून, बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घेऊन मगच पैसे द्या. गिझर, मिक्सर, इस्त्री यांच्यावर आयएसआयचा शिक्का असेल तर त्याखालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर अॅपवर टाकून बघता येतो. मी दुकानातच टाकला, विक्रेत्याला आवडलं नाही. आणि सेवा केंद्राने टोलवाटोलवी केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

पंख्यांवर मात्र मी बिनदिक्कत पैसे खर्च केले. साधा छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) ३० च्या आसपास. दिवसाला बारा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात. आमचे तीन पंखे, म्हणजे जवळजवळ पन्नास. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटनंतर आणि ३०० नंतर दर बदलतो, त्यामुळे वाचलेले युनिट नेहमी सगळ्यात महागड्या टप्प्यातले असतात, हे लक्षात घ्या. २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे, तेव्हा तुलना करणं सोपं. बीएलडीसी पंख्यांना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर सहसा चालत नाही, तो वायरमनकडून काढून टाकावा लागतो. रिमोट हरवतो, ही एकच खरी तक्रार.

एसी घेतला नाही. सांगलीचा एप्रिल-मे कोरडा असतो, खिडकीतला कूलर मस्त चालतो. जूनमध्ये हवा दमट झाली की त्याचा उपयोग संपतो, पण तोवर पाऊसही येतो. फक्त कूलरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. शेजाऱ्यांच्या कूलरच्या गवताच्या पॅडवर एका उन्हाळ्यात क्षार इतके बसले की हवाच आत येईना. आम्ही सकाळी नळाला पाणी आलं की दोन बादल्या कूलरसाठी बाजूला काढून ठेवतो.