‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ की ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ : भरल्या घराने कोणता घ्यावा?

निन्टेंडोचा स्विच २, म्हणजे व्हिडिओ गेमचे नवे यंत्र, घ्यायचा म्हणजे ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ ओघाने आलाच, असे धरून पुष्कळ जण निर्णय उरकतात. आमच्या मालवणच्या घरी गेल्या गणपतीत हे दोन्ही खेळ आलटून-पालटून खेळले गेले. ‘वर्ल्ड’ पुतण्याने मुंबईहून आणलेल्या नव्या यंत्रावर आणि २०१७ चा ‘डिलक्स’ आमच्या जुन्या स्विचवर. माझा कल तेव्हाच ठरला, आणि तो नव्याच्या बाजूने नाही.

‘वर्ल्ड’ची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. बाराच्या जागी चोवीस स्पर्धक, रुळांवरून घसरत जाण्याची आणि भिंतीवरून गाडी पळवण्याची मुभा, आणि सलग जोडलेला एवढा मोठा मुलूख की शर्यत सोडून नुसते भटकत राहावे. ‘नॉकआउट टूर’मध्ये प्रत्येक टप्प्यावर शेवटचे चार जण बाद होत जातात, तो प्रकार तर मला ‘डिलक्स’मधल्या कशाहीपेक्षा अधिक रंगतदार वाटला.

माझे घोडे अडले ते ग्रँड प्रिक्सपाशी, म्हणजे ‘कप’ नावाच्या शर्यतींच्या मालिकांपाशी. मशरूम कपची पहिली शर्यत मारिओ ब्रदर्स सर्किटवर नेहमीसारखी तीन फेऱ्यांची होते; दुसऱ्या शर्यतीत मात्र तिथून निघून क्राउन सिटीपर्यंतचा रस्ता कापायचा असतो आणि खुद्द क्राउन सिटीत जेमतेम एक फेरी वाट्याला येते. पुढच्या शर्यतींचीही हीच तऱ्हा. हे वाटेतले रस्ते रुंद आणि बहुतांशी सरळ असल्यामुळे वळणावर ड्रिफ्ट धरून, म्हणजे गाडी आडवी घसरवत, वेगाची जादा उसळी देणाऱ्या ठिणग्यांचा रंग बदलेपर्यंत थांबण्याची, म्हणजे या खेळाचा जीव ज्यात आहे तिचीच, संधी फारशी येत नाही. एकट्या खेळणाऱ्याला हा प्रवास कदाचित रमणीयही वाटेल. पण पडवीत चाकरमान्यांची पोरे आपल्या पाळीसाठी खोळंबलेली असताना ‘अजून पोचलास नाय?’ हा प्रश्न आमच्याकडे सारखा ऐकू येई. उलट ‘डिलक्स’मधील बेबी पार्क हा इवलासा, सात फेऱ्यांचा ट्रॅक, मागचा कोण आणि पुढचा कोण हेच कळेनासे होते, आणि हरलेला पोरगा रुसायच्या आत पुढची शर्यत सुरू झालेली असते.

ट्रॅकच्या संख्येबद्दल ‘डिलक्स’ला तूर्त तोड नाही. मूळचे ४८ आणि २०२२-२३ मध्ये टप्प्याटप्प्याने आलेले, वेगळे पैसे मोजून मिळणारे आणखी ४८, असे एकूण ९६ ट्रॅक त्यात आहेत.

पावसाळ्यातल्या विजेचा भरवसा आपल्याकडे किती असतो, हे सांगायला नको. टीव्ही बंद पडला की यंत्र टेबलावर उभे करून, दोन जॉय-कॉन (यंत्राचे सुटे होणारे कंट्रोलर) दोघांच्या हाती देऊन यंत्राच्याच पडद्यावर खेळ चालू ठेवता येतो. ही सोय दोन्हीकडे आहे. मात्र नव्या यंत्राची बॅटरी, निदान आमच्या अनुभवात, लवकर मान टाकत होती. आमच्या यंत्रावरून हा निष्कर्ष सर्वांना लागू करणे कदाचित रास्त नव्हे.

स्विच २ आधीच घरात असेल आणि खेळणारे तुम्ही एकटेच असाल, तर ‘वर्ल्ड’ जरूर घ्यावा. स्विच २ अजून घ्यायचाच असेल, तर ‘डिलक्स’ त्यावरही चालतो, ‘वर्ल्ड’ मात्र जुन्या स्विचवर चालत नाही, एवढे दुकानात पैसे मोजण्यापूर्वी लक्षात असू द्यावे.