देणं माझ्या नावावर, फुटेज त्याच्या नावावर: 'इन काइंड' भागीदाराने घातलेला 8,61,980 चा गंडा

8 लाख 61 हजार 980 रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो. पोलीस ठाण्यापासून सासुरवाडीपर्यंत प्रत्येकाने पहिल्यांदा तोच विचारला, आणि तो ऐकल्यावर बाकीचं ऐकायची कुणाला गरज वाटली नाही.

माझा सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, साखरपुडा, पुढाऱ्यांचे वाढदिवस, सगळं करतो. दोन शॉर्टफिल्म केल्या, एकीला जिल्हा पातळीवर बक्षीस मिळालं आणि डोक्यात फीचर, म्हणजे पूर्ण लांबीचा सिनेमा, शिरला. बजेट 24 लाख. 24 लाखांत काय सिनेमा होतो म्हणून हसू नका. गाव आपलं, घरं आपली, नट नाटकातले, जेवण घरच्या आचाऱ्याचं. वाई-मेणवलीकडे वळलोही नाही, तिथल्या घाटाचे दर आता मुंबईवाल्यांनाच परवडतात. माझ्याकडे 14 लाख जमले: 5,50,000 साठवलेले, 4,00,000 बायकोच्या दागिन्यांवर गोल्ड लोन, 2,50,000 चुलतभावाकडून आणि 2,00,000 चाळीस मित्रांकडून प्रत्येकी पाच हजार. उरलेले दहा लाख 'तो' घालणार होता.

तो मुंबईचा. नाव लिहीत नाही, वकिलांनी सक्त ताकीद दिली आहे. चार मराठी सिनेमांत लाइन प्रोड्युसर, म्हणजे शूटिंगचा खर्च आणि व्यवस्था बघणारा, असल्याचं सांगायचा, त्यातल्या दोनांच्या श्रेयनामावलीत त्याचं नाव खरोखर आहे. हे मी तपासलं होतं. 'आधी चौकशी करायची होती' असं म्हणणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

त्याची पद्धत ऐका. रोख घालत नाही म्हणायचा, 'इन काइंड' घालतो. कॅमेरा, लेन्स, लाइट, एडिट, डीआय (रंगांचं काम), साउंड मिक्स असं सगळं मिळून दहा लाखांचं. मायक्रो-बजेटमध्ये अशी भागीदारी रोज होते, त्यात वावगं काही नाही. कुणाकडे कॅमेरा पडून असतो, कुणाचा स्टुडिओ रात्री रिकामा असतो. शिवाय शासनाच्या अनुदानाचं गाजर होतंच. अ दर्जाला 40 लाख, ब दर्जाला 30, हे आकडे आपल्याकडे सिनेमा काढू म्हणणाऱ्या प्रत्येकाला पाढ्यासारखे पाठ असतात. 'ब तर कुठेच गेला नाही दादा, माझी माणसं आहेत आत.' सिनेमा पूर्ण होतो, सेन्सॉर होतो, मग समिती बघते, गुण देते, त्यावर दर्जा ठरतो. शूटिंगच्या आधी दर्जाची हमी देणारा माणूस म्हणजे परीक्षेच्या आधी निकाल विकणारा. त्याला चहासुद्धा पाजू नका.

आणि दादासाहेब फाळके! प्रत्येक बैठकीत फाळके. 'फाळक्यांनी सरस्वतीबाईंचे दागिने मोडले म्हणून आज ही इंडस्ट्री उभी आहे.' माझी बायको शेजारी पोहे देत उभी होती, हे तो वाक्य टाकताना विसरला नव्हता. फाळक्यांनी ते दागिने स्वतःच्या सिनेमात घातले, अंधेरीतल्या कुणाच्या खात्यात नाही, हे मला तेव्हा सुचलं असतं तर! दुसरं हत्यार श्याम बेनेगलांच्या 'मंथन' सिनेमाचं. पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये दिले, तुमचं गाव का नाही देणार? त्यावरूनच ते चाळीस मित्र झाले. पुढे हेच माझ्या अंगाशी आलं, सांगतो.

पाचशेच्या स्टॅम्पवर करार झाला, नोटरी झाली. 'दुसरा पक्ष रु. 10,00,000 मूल्याची सामग्री व सेवा उपलब्ध करून देईल.' ती कुणाच्या नावावर आणि कुणाच्या पैशाने, याबद्दल अवाक्षर नाही. टायटल रजिस्टर करायचंय, करार करायचाय म्हणून माझं पॅन, आधार आणि स्टुडिओचं जीएसटी सर्टिफिकेट व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घेतलं. दिलं. सगळे देतात.

मग पैसे. 2,00,000 एका ओळखीच्या चेहऱ्याच्या अ‍ॅडव्हान्सपोटी. त्या नटाच्या मॅनेजरने नंतर सांगितलं की त्यांना 50,000 पोचले, बाकीच्यासाठी ते माझ्यावरच चिडून होते. 1,18,000 सेन्सॉर, प्राण्यांची परवानगी आणि अनुदानाची फाइल यांच्या 'लायझन'साठी (कचेऱ्यांतल्या पाठपुराव्यासाठी), म्हणजे एक लाख अधिक 18 टक्के जीएसटी. 2,36,000 पोस्ट स्टुडिओचं, म्हणजे शूटनंतरचं एडिट-साउंड जिथे होतं त्याचं, डिपॉझिट, त्यातही 36 हजार जीएसटी. पोस्ट त्याच्या वाट्याचं असताना डिपॉझिट मी का भरलं? 'ते परत मिळतं दादा, फक्त ब्लॉक होतं.' जीएसटी लावलाय म्हणजे माणूस एक नंबरचा, असं माझं गणित. त्याच्या बिलावरचा जीएसटी क्रमांक चौदा अक्षरी होता. पंधरा असतात. माझ्या स्वतःच्या दुकानाच्या पाटीवर पंधरा अक्षरी क्रमांक लटकलाय, रोज शटर उघडताना दिसतो. पोर्टलवर क्रमांक टाकून बघायला एक पैसा लागत नाही. महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात 27 ने होते, तेवढं तरी बघा.

पण खरा क्षण तो नव्हे. खरा क्षण शेड्यूलच्या दुसऱ्या संध्याकाळचा. ओढ्याकाठी सीन लागला होता, ऊन उतरत होतं, बैल एका जागी उभे राहायला तयार नव्हते. भाड्याच्या कंपनीचा कॅमेरा अटेंडंट चलनाचं पॅड घेऊन आला. 'दादा, इथे एक सही मारा, कालपासून राहिलीय.' गुलाबी कार्बन कॉपी, खाली लेन्सची यादी, फिल्टर, दोन मॅग्नेटिक मॅट बॉक्स, बॅटऱ्या आठ, दर दिवसाला 14,500. आणि वर, 'पार्टीचे नाव' समोर, निळ्या बॉलपेनने माझ्या स्टुडिओचं नाव. माझा जीएसटी क्रमांकसुद्धा, बिनचूक पंधरा अक्षरी.

मी वाचलं. वाचलं नाही असं नाही. अटेंडंटला विचारलंही, 'हे माझ्या नावावर कसं काय?' तो म्हणाला, 'ऑफिसने दिलंय तसं.' खुर्चीतून या भागीदाराने हाक मारली, 'दादा, इन्शुरन्ससाठी आहे ते, लोकेशन तुमचं ना! लाइट जातेय, घ्या लवकर.' आणि लाइट खरोखरच जात होता.

आता माझं ऐका. मी वर्षानुवर्षं पुण्याहून गिंबल, ड्रोन, लेन्स भाड्याने आणतो. चलनावर माझं नाव असतं आणि मी सही करतो. लग्नाच्या सीझनमध्ये दिवसाला दोन-दोन. हाताला सवय आहे. सिनेमा पहिल्यांदा करणारा एखादा डॉक्टर किंवा बिल्डर तिथे असता तर कदाचित अडखळला असता. मला त्या कागदाची इतकी ओळख होती की त्यावर माझं नाव असणंच बरोबर वाटलं. लोक म्हणतात, 'तू तर याच लाइनमधला, तुला कळलं नाही?' याच लाइनमधला होतो म्हणूनच कळलं नाही. ज्याला पटत नाही त्याने पन्नास माणसांचं युनिट, भाड्याची बैलजोडी आणि बुडता सूर्य एकदा सांभाळून दाखवावा.

18 दिवस गुणिले 14,500 म्हणजे 2,61,000. वर 46,980 जीएसटी. एकूण 3,07,980. हे होतं त्याचं दहा लाखांतलं पहिलं 'इन काइंड': उधारीवर, माझ्या नावावर. भाड्याच्या कंपनीचा फोन आला तेव्हा पॅक-अप होऊन महिना झाला होता. त्यांचा काही दोष नाही, सही माझी. मी पैसे भरले.

फुटेज पोस्ट स्टुडिओत होतं. सगळा रॉ डेटा, दोन कॉपी, दोन्ही तिथेच. 'अकरा टीबी घरी कुठे ठेवणार दादा, धूळ, व्होल्टेज...' माझ्याकडे फक्त प्रॉक्सी, म्हणजे बघण्यापुरत्या हलक्या कॉपी. म्हणजे सिनेमा मी मोबाइलवर रोज बघू शकतो, लावू कुठेच शकत नाही. स्टुडिओत गेलो तर जॉब कार्ड त्याच्या नावावर. डिपॉझिटचे 40,000 फक्त पोचलेले. शिवाय त्याच्या आधीच्या कुठल्याशा जाहिरातीचं बिल थकलेलं, ते धरून 3,40,000 भरा आणि डिस्क न्या. माझ्या सिनेमावर त्याची जुनी उधारी! मी करार दाखवला, मॅनेजर म्हणाला, 'सर, आमच्याकडे पार्टी ते आहेत.' कॅमेऱ्याची पार्टी मी, फुटेजची पार्टी तो. कसं जमवलंय बघा.

हार्ड डिस्कची एक कॉपी रोज रात्री स्वतःच्या घरी. डिस्कला तीस हजार लागले तरी. एक दिवस कमी शूट करा, पण घ्या.

त्याने मला 5,00,000 चा 'सिक्युरिटी' चेक दिला होता. टाकतो म्हटलं की 'पुढच्या आठवड्यात टाका, आता बाउन्स होईल, दोघांचं नाव खराब.' आठवडे ढकलत तीन महिने गेले आणि चेक मेला. चेकची मुदतच तीन महिने असते. वेळेत टाकून परत आला असता तर बँकेचा मेमो हातात आल्यापासून 30 दिवसांत नोटीस, मग त्याला 15 दिवस, मग चेक बाउन्सची, कलम 138 ची केस. ती एकच केस अशी होती की पोलिसांच्या पाया पडावं लागलं नसतं. चेक हातात असेल तर टाका. नाव खराब होऊ दे त्याचं.

कारण पोलिसांचं सांगतो. आमच्या ठाण्यात हवालदारांनी चलन बघितलं, करार बघितला आणि म्हणाले, 'सही तुमची, नोटरी तुमची. हे दिवाणी आहे, कोर्टात जा.' मी म्हटलं, खोटा जीएसटी नंबर दिवाणी कसा? तर ते जीएसटीवाल्यांना सांगा. पैसे कुठे दिले? अंधेरीत. मग मुंबईला जा. मुंबईत विचारलं, पैसे कुठल्या बँकेतून गेले? सातारा जिल्ह्यातून. मग तिकडे करा. नव्या कायद्यात, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 173 मध्ये, हद्द कुठलीही असो माहिती नोंदवून घ्यायची असं लिहिलंय. मी प्रिंट काढून नेली होती. साहेबांनी ती परत माझ्याकडे सरकवली, 'कायदा आम्हाला शिकवू नका.' चौदा दिवसांत प्राथमिक चौकशीची तरतूदही त्याच कलमात आहे. चौकशी झाली म्हणे. कधी, कुणाची, कागद कुठे? माझ्या हाती फक्त माझ्याच अर्जाची आवक शिक्का मारलेली झेरॉक्स. जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेत सांगितलं, रक्कम लहान आहे. लहान! बायकोचं मंगळसूत्र बँकेच्या लॉकरमध्ये आहे, साहेब, आणि चावी माझ्याकडे नाही.

आणि वर कळस. एका अधिकाऱ्यांनी चाळीस मित्रांची यादी बघितली आणि खुर्चीत नीट बसले. 'लोकांकडून पैसे घेतलेत? परताव्याचं बोललात? मग एमपीआयडी, ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा, तुमच्यावरच लागेल.' फसवणारा मोकळा, फसलेला ठेवीदारांचा गुन्हेगार. मी यादी खिशात घातली आणि पुढे बोललोच नाही. त्यांना तेच हवं होतं. त्या चाळीस जणांना मी 'नफ्यात वाटा' असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं होतं. गावातून पैसे घेणार असाल तर वकिलाला विचारून घ्या, असला मेसेज टाकू नका.

निर्मात्यांच्या एका संस्थेत गेलो, तर 'ते आमचे सभासद नाहीत, तुम्हीही नाही.' विषय संपला.

बैलांचं राहिलं. जनावर पडद्यावर दिसणार असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी घ्यावी लागते, कार्यालय हरियाणात बल्लभगडला. त्याशिवाय सेन्सॉर अडतो. लायझनच्या 1,18,000 मध्ये हे होतं. अर्जच केलेला नाही. म्हणजे उद्या डिस्क सुटली तरी ओढ्याकाठचा सीन, ज्याच्यासाठी घाईत सही केली तोच, कापावा लागेल बहुतेक.

कुणाला कुणी 'इन काइंड' भागीदारी देऊ केली तर भाड्याच्या कंपनीला आणि स्टुडिओला स्वतः फोन लावा आणि बिल कुणाच्या नावाने फाटणार ते लेखी मागा. नटाचे पैसे नटाच्याच खात्यात टाका. पार्टीचं नाव चुकीचं असेल तर सूर्य बुडू द्या, उद्या परत उगवतो.

मॅजिस्ट्रेटकडे बीएनएसएस 175(3) चा, म्हणजे पोलिसांना तपासाचा आदेश द्या असा, अर्ज टाकलाय, तारखा पडताहेत. वकिलांचे 25,000 वरच्या आकड्यात धरलेले नाहीत. परवा स्टुडिओचा मेसेज आला: डिस्क सांभाळायचं भाडं या महिन्यापासून 3,000, वेगळं. अधिक जीएसटी.