रांग टळत नाही, उभं राहणं टळतं: थीम पार्कमधल्या सुविधा पासचा काही महिन्यांचा अनुभव

थीम पार्कचा वार्षिक पास आणि त्याला जोडून दिव्यांगांसाठीचा सुविधा पास, असे दोन्ही घेऊन आता बरेच महिने झालेत. घेण्याआधी शोधाशोध केली तेव्हा दोनच प्रकारचं लिखाण हाती लागलं. एक पार्कवाल्यांचं, सगळं गोडगोड. दुसरं चिडलेल्या लोकांचं, ज्यांची खात्रीच असते की हे पासवाले फुकटात पुढे घुसतात. रोज वापरणाऱ्याने नीट लिहिलेलं फारसं मिळालं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, व्रण होतात. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. मी चालते, जिने चढते, रोलर कोस्टरमध्ये मुलांपेक्षा जास्त ओरडते. पण आजार उसळलेला असला की घाई अशी लागते की दोन-चार मिनिटांत स्वच्छतागृह गाठावंच लागतं, आणि ती कधी लागेल हे आधी कळत नाही. त्यामुळे राइडची भीती नाही, भीती आहे ती राइडआधीच्या रांगेची. तासभर दोन कठड्यांच्या मध्ये अडकून पडायचं, पुढे शंभर माणसं, मागे शंभर माणसं.

पास कसा चालतो ते आधी सांगते, कारण सगळे गैरसमज इथेच आहेत. राइडच्या साध्या रांगेत त्या क्षणी ५० मिनिटं दाखवत असतील, तर मला ॲपवर साधारण ५० मिनिटांनंतरची परतीची वेळ मिळते. तेवढा वेळ मी बाहेर थांबते. वेळ झाली की वेगळ्या दाराने जाऊन स्कॅन करायचं आणि राइडजवळच्या छोट्या रांगेत उभं राहायचं. एका वेळी एकच परतीची वेळ घेता येते; ती वापरल्याशिवाय किंवा रद्द केल्याशिवाय दुसरी मिळत नाही. पासधारकाने स्वतः राइडमध्ये बसलंच पाहिजे, आपला पास घेऊन मुलांना पाठवून दिलं असं चालत नाही. बरोबर ठरावीकच माणसं नेता येतात. राइड मध्येच बंद पडली तर परतीची वेळ वाया जात नाही, आणि वेळ उलटून गेल्यावर उशिरा पोहोचलं तरी आत घेतात. हे शेवटचं माझ्यासाठी सगळ्यात मोलाचं, कारण नेमक्या वेळेला मी कुठे असेन याची हमी मी देऊ शकत नाही.

म्हणजे वाट बघणं तेवढंच. वाट बघायची जागा तेवढी बदलते. मी त्या ५० मिनिटांत स्वच्छतागृहापासून जवळच्या बाकावर असते.

हा पास मला सहज मिळाला नाही. नोंदणीच्या व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा मला सांगितलं गेलं की तुम्ही साध्या रांगेत उभ्या राहा, गरज पडली की बाहेर जा आणि परत येऊन घरच्यांना गाठा. कागदावर हे अगदी समजूतदार वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते ऐका. नागमोडी रांग, जेमतेम एका माणसाची रुंदी, कठडे कमरेएवढे. मध्यावर असताना बाहेर पडायचं तर उलट दिशेने प्रत्येकाला "जरा जाऊ द्या हो" म्हणत, पिशव्या आणि झोपलेली लेकरं ओलांडत जायचं, तेही पोट आवळून. परत येताना तेच सगळं उलटं, आणि या वेळी प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न: ही कोण पुढे घुसतेय? एका बाईने तर हात आडवा घातला. तिला मी दोष देणार नाही, तिच्या जागी मला तरी काय दिसलं असतं? तोवर रांग पुढे सरकलेली. दोन्ही मुलं राइडच्या तोंडाशी पोहोचलेली, लोकांना पुढे सोडत, रडवेली झालेली. मी एकटीच मोठी असेन तर मुलांना तिथे सोडून जाणार तरी कशी, हा प्रश्न त्या कॉलवर कोणी विचारलाच नाही.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात रांगांचा अभ्यास करणारे रिचर्ड लार्सन यांनी १९८७ साली रांगा आणि सामाजिक न्याय यांवर लिहिताना दाखवलं होतं की किती वेळ थांबावं लागलं यापेक्षा, आपल्या नंतर आलेला आपल्या आधी गेला, याने माणूस जास्त चिडतो. बाहेर जाऊन परत या, हा उपाय नेमकं तेच दृश्य शेकडो लोकांसमोर उभं करतो. परतीच्या वेळेच्या पासात ते दृश्य निदान राइडच्या दारापर्यंत पुढे ढकललं जातं. दुसऱ्या कॉलवर मी हे सगळं शब्दाशब्दाने मांडलं, तेव्हा पास मिळाला.

आता त्या दाराबद्दल. माझी खरी तक्रार तिथे आहे.

सुविधा पासवाल्यांना साध्या रांगेपासून वेगळ्या, म्हणजे एक्स्प्रेस रांगेतून सोडतात. हीच रांग पार्क जादा पैसे घेऊन विकतं. दोन्ही रांगा मिळतात तिथे एक कर्मचारी साखळी धरून उभा असतो. एक्स्प्रेसमधून मोठा घोळका सोडायचा, मग साखळी काढून साध्या रांगेतून चार-पाच जण, पुन्हा साखळी. मी तिथे मुलांबरोबर उभी होते. साखळीच्या पलीकडे खांद्यावर लहानग्याला घेतलेला एक माणूस, इतका जवळ की त्याच्या शर्टावर सांडलेल्या आइस्क्रीमचा डाग दिसत होता. आम्हाला सोडलं तसा तो बायकोला म्हणाला, "आम्ही काय इथे झोपा काढतोय?" मी ५० मिनिटं बाहेर काढून आले होते, तोही बहुधा तेवढीच. माझ्या पुढच्या पंधरा-वीस जणांनी मात्र अजिबात वाट बघितली नव्हती, त्यांनी पैसे भरले होते. त्याला यातला फरक दिसणं शक्यच नव्हतं. आम्ही सगळे एकाच पाटीखालून आलो होतो.

याचं गणित सोपं आहे. समजा राइड तासाला १,२०० माणसं घेते. साखळीवर दर चारातल्या तीन जागा एक्स्प्रेसला गेल्या, तर तासाला ९०० तिकडचे आणि फक्त ३०० साध्या रांगेतले. साध्या रांगेत पुढे ३०० माणसं असतील तर तुमचा नंबर तासाने लागणार. एकच रांग असती तर तेवढीच माणसं पाव तासात संपली असती. अर्थात मग पैसे भरणारेही त्याच रांगेत असते आणि ती लांबलचक दिसली असती. पण सगळ्यांसाठी सारखीच लांब. आत्ता होतं असं की विकलेल्या जागांमुळे साधी रांग रखडते. सुविधा पासची वेळ साध्या रांगेवरूनच ठरते, त्यामुळे माझी परतीची वेळही लांबते, आणि लोकांचा राग मात्र निघतो दिव्यांगांवर. पार्कला कोणी विचारत नाही की या ९०० पैकी विकलेल्या किती आणि सुविधा पासच्या किती.

सुविधा पासचा गैरवापर होतच नाही असं माझं म्हणणं नाही. २०१३ पर्यंत डिस्नेच्या अमेरिकी पार्कांमध्ये गेस्ट असिस्टन्स कार्ड असायचं, ते दाखवलं की बहुतेक ठिकाणी वेगळ्या दाराने बऱ्यापैकी लगेच आत. त्या वर्षी बातमी आली की न्यूयॉर्कमधली श्रीमंत कुटुंबं दिव्यांग गाइड तासाला १३० डॉलर देऊन बरोबर नेतात, रांग चुकवण्यासाठी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते कार्ड बंद झालं आणि परतीच्या वेळेची डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस आली. मला हा बदल योग्यच वाटतो. थांबायचंच आहे म्हटल्यावर पास भाड्याने घेण्यातली अर्धी मजा गेली. ब्रिटनमध्ये मर्लिन या कंपनीच्या पार्कांमधला राइड ॲक्सेस पासही याच तत्त्वावर आहे: रांग जेवढी, तेवढा वेळ पासवर चढतो.

पण डिस्नेच्या त्या बदलाने काही माणसं खरोखर अडली. ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या काही मुलांसाठी वाट बघणं हेच अशक्य असतं, मग ते रांगेत असो की बाकावर. काहींना राइड ठरावीक क्रमानेच हव्या असतात. अशा कुटुंबांनी फ्लोरिडात डिस्नेवर खटले भरले. २०१८ साली अपील न्यायालयाने म्हटलं की हा प्रश्न रीतसर सुनावणीत तपासायला हवा. पुढे २०२० मध्ये निकाल डिस्नेच्या बाजूने लागला आणि २०२२ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. न्यायालयाने मान्य केलं की न थांबता प्रवेश सर्रास दिला तर बाकीच्यांच्या रांगा फार वाढतील आणि व्यवसायाचं मूळ स्वरूपच बदलेल. आकड्यांच्या बाजूने मला हे पटतं. मात्र हाच हिशोब पार्क विकलेल्या जागांना लावत नाही, तिथे रांग वाढली तर चालते. हे मला मुळीच पटत नाही.

२०२४ मध्ये डिस्नेने नियम आणखी आवळले. तिथली सेवा आता ऑटिझम किंवा तशा विकासात्मक स्थितीमुळे साध्या रांगेत जास्त वेळ थांबता न येणाऱ्यांसाठी आहे. माझ्यासारखे पोटाचे, संधिवाताचे, हृदयाचे रुग्ण बहुतेक बाहेर, त्यांना वेगळे उपाय सुचवले जातात, त्यात रांगेतून बाहेर जाऊन परत येणं आलंच. आजाराच्या नावावरून गरज ठरवणं मला मुळातच चूक वाटतं. माझाच आजार असलेल्या आणि औषधांनी स्थिर असलेल्या माणसाला पासची गरजही नसेल. विचारायचं ते एवढंच: रांगेत नेमकं काय होतं, आणि किती वेळानंतर? माझ्या पार्कने शेवटी तेच विचारलं, म्हणून मी आज हे लिहू शकते.

एका आक्षेपावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि तो सगळ्यात रास्त आक्षेप आहे. परतीची वेळ चालू असताना पासधारक दुसऱ्या एखाद्या छोट्या रांगेत उभा राहू शकतो, म्हणजे एकाच वेळी दोन रांगांत. साध्या माणसाला हे जमत नाही. मी बहुतेक वेळा बाकावरच असते, पण ज्याला जमतं त्याचा दिवसभरात जास्त राइडचा फायदा होतो, हे खरं आहे. तब्येतीमुळे जो अर्ध्या दिवसातच घरी परततो त्याचा हिशोब बहुतेक बरोबरीत सुटतो. जो दिवसभर थांबू शकतो त्याचा नाही.

माझी एक मैत्रीण व्हीलचेअर वापरते. तिच्याकडे हा पास नाही आणि तिला तो नकोय. पार्कमधल्या नव्या राइडच्या रांगा पुरेशा रुंद आहेत, त्यामुळे ती सगळ्यांबरोबर रांगेतूनच येते, आणि रांगेत रंगवलेल्या गुहा, हलणारे पुतळे तिला राइडइतकेच आवडतात. (अमेरिकेच्या २०१० च्या नियमांत अशा मार्गाला किमान ३६ इंच रुंदी लागते, आणि अरुंद कठड्याभोवती पूर्ण वळण घ्यायचं असेल तर आणखी जास्त.) जुन्या राइडना मात्र ती बाहेर पडण्याच्या दाराने जाते आणि तिथे अनेकदा उरलेल्यांपेक्षा जास्त थांबते. कारण राइड मध्येच अडकली तर माणसांना अरुंद पायवाटेवरून खाली आणावं लागतं, म्हणून चालता न येणारे एका वेळी एक-दोघेच घेतात. तिच्या आधी दुसरी व्हीलचेअर आत असेल तर ती फेरी पूर्ण होईपर्यंत थांबा. बाहेरून बघणाऱ्याला तीही पुढे घुसलेलीच वाटते. सगळ्या रांगा रुंद बांधल्या तर पास मागणाऱ्यांतले कितीतरी जण आपोआप कमी होतील, हे तिचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

बाकी बारीकसारीक. सगळं ॲपवर असल्याने फोनची बॅटरी दुपारीच मान टाकते, पॉवर बँक हवीच. कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण एकसारखं नाही: एकाने हसून आत घेतलं, तर दुसऱ्याने सगळ्यांसमोर "तुम्हाला काय झालंय?" असं विचारलं. तो प्रश्न नोंदणीच्या वेळी विचारून झालेला असतो, दारावर तो विचारायचं काही कारण नाही. पासची मुदत ठरावीक महिन्यांची आणि नूतनीकरणाला पुन्हा तोच कॉल, पुन्हा शौचाच्या वेळा अनोळखी माणसाला सांगणं. बरा न होणारा आजार असेल तर एवढ्यांदा विचारू नये.

पास घेणाऱ्यांना एकच सांगते: कॉलवर निदानाचं नाव सांगून थांबू नका. किती मिनिटांत काय होतं, बरोबर कोण असतं, मुलं एकटी राहतील का, हे सांगा. तिथे निर्णय फिरतो.

नूतनीकरणाच्या फॉर्मबरोबर मी पार्कला तीन मागण्या लिहून दिल्यात. परतीच्या वेळेने येणाऱ्यांसाठी दारावर वेगळी पाटी लावा, म्हणजे आम्ही वाट बघून आलोय हे साखळीपलीकडच्याला कळेल. दर तासाला एक्स्प्रेसच्या किती जागा विकल्या आणि किती सुविधा पासवर गेल्या, ते राइडच्या दारावर लावा. आणि गर्दीच्या दिवशी आधी विक्री थांबवा, पास नाही. पाटीचं बघतो म्हणून उत्तर आलं आहे, उरलेल्या दोन्हींवर अजून काहीच नाही.