त्वचेसाठी कोलॅजनची डबी घ्यावी की ताट सुधारावं?

मेडिकलच्या काउंटरवर आता खोकल्याच्या औषधाच्या शेजारी कोलॅजन पावडर, केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि रंग उजळवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या ग्लुटाथिओनच्या पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या दिसतात. कोलॅजनची एक डबी महिनाभर पुरते आणि साधारण हजार ते दोन हजार रुपयांना पडते. तेवढ्या पैशांत महिन्याची मटकी, शेंगदाणे, पेरू आणि आठवड्यातून दोनदा बांगडा येतो. यातलं काय निवडायचं, हे तुमची तक्रार कोणती यावर ठरतं. सुरकुत्या, कोरडेपणा, मुरुमं आणि केसगळती यांची कारणं वेगळी असल्यामुळे एकच डबी चारही ठिकाणी चालत नाही.

वेळेचा हिशेब आधी सांगायला हवा. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून आहारातला कुठलाही बदल आठ ते बारा आठवडे केल्याशिवाय त्याबद्दल काही बोलता येत नाही. केसांना त्याहून जास्त वेळ लागतो. 'सात दिवसांत ग्लो' असं लिहिलेली डबी तिथेच खाली ठेवावी.

कोलॅजन पावडर विरुद्ध पुरेसं प्रथिन

त्वचेला घट्टपणा देणारं मुख्य प्रथिन कोलॅजन, हे खरं. पण खाल्लेलं कोलॅजन थेट गालात जाऊन बसत नाही. पोटात आणि आतड्यात त्याचे तुकडे होतात, बरेचसे अमिनो आम्लांपर्यंत, म्हणजे प्रथिनाच्या सुट्या घटकांपर्यंत, मोडतात आणि काही छोटे पेप्टाइड (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) रक्तात पोहोचतात. हे पेप्टाइड त्वचेतल्या पेशींना कोलॅजन बनवायला चालना देतात, हा कंपन्यांचा दावा. रोज अडीच ते दहा ग्रॅम पावडर आठ-बारा आठवडे देऊन केलेल्या अनेक चाचण्यांत ओलावा आणि लवचिकता थोडी वाढलेली दिसते. मात्र त्यातल्या बऱ्याच चाचण्यांचा खर्च पावडर विकणाऱ्यांनीच उचलला आहे. २०२५ मध्ये अशा चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण झालं, तेव्हा कंपन्यांच्या पैशाशिवाय झालेल्या चाचण्यांत फायदा दिसला नाही.

| | कोलॅजन पावडर (१० ग्रॅम) | रोजचं ताट |
|---|---|---|
| प्रथिनाचा दर्जा | अपुरा, ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नाही | डाळ-धान्य एकत्र असेल तर पूर्ण |
| सुरकुत्यांवर पुरावा | आहे, पण वादग्रस्त | थेट नाही, पण प्रथिन कमी पडलं तर त्वचा-केस नक्की बिघडतात |
| शाकाहारी चालतं का | नाही, मासे किंवा गुरांपासून | हो |
| पैसे | वेगळे काढावे लागतात | किराण्यातच |

'व्हेगन कोलॅजन' नावाने जे मिळतं त्यात कोलॅजन नसतंच. क जीवनसत्त्व, जस्त आणि काही अमिनो आम्लं यांचं ते मिश्रण असतं. पायाच्या सुपात कोलॅजन असतं, पण त्याचंही पोटात तेच होतं. सूप आवडत असेल तर जरूर प्यावं, त्वचेसाठी म्हणून मुद्दाम हाडं उकळत बसायची गरज नाही.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिन लागतं. ५५ किलोच्या बाईला हे सुमारे ४६ ग्रॅम होतं. घरोघरी चूक होते ती वरणात. वाटीभर पातळ वरणात जेमतेम १५ ग्रॅम डाळ असते, म्हणजे तीन-साडेतीन ग्रॅम प्रथिन. तीच वाटी ३० ग्रॅम डाळीची घट्ट केली की साडेसहा ग्रॅम. दोन्ही वेळा घट्ट वरण, एक वाटी मटकीची उसळ, ज्वारीच्या दोन भाकरी, थोडा भात, वाटीभर दही आणि मूठभर शेंगदाणे एवढ्यात ४६ चा आकडा गाठता येतो. एक अंडं घातलं की सहा ग्रॅम वर. हा आकडा रोज भरत नसेल तर डबीचा विचारच करू नये. भरत असेल, पैसे मोकळे असतील आणि बारीक रेषांसाठी प्रयोग करायचा असेल, तर तीन महिने करून पाहावा. पण उन्हाने होणाऱ्या सुरकुत्यांवर सनस्क्रीन आणि छत्री यांच्या जवळपासही पावडर येत नाही.

क जीवनसत्त्व: गोळी, आवळा की लिंबू

शरीराला स्वतःचं कोलॅजन विणायला क जीवनसत्त्व लागतंच. गरज मात्र माफक आहे: बायकांना रोज ६५ मिलिग्रॅम, पुरुषांना ८०. एक मध्यम आवळा किंवा अर्धा पेरू खाल्ला की ती भागते. अर्ध्या लिंबाच्या रसात मात्र दहा मिलिग्रॅमच्या आसपासच मिळतं, म्हणून सकाळच्या कोमट लिंबूपाण्यावर सगळा भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. लिंबाचा खरा उपयोग वेगळा आहे. गॅस बंद केल्यावर पोह्यांवर किंवा उसळीवर पिळलं की त्यातलं लोह जास्त शोषलं जातं.

५०० मिलिग्रॅमच्या चघळायच्या गोळीतलं बरंचसं लघवीवाटे निघून जातं. मुतखडा होऊन गेलेल्यांनी मोठे डोस टाळावेत. आवळा हिवाळ्यात मिळतो, तेव्हा किसून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवला तर क जीवनसत्त्व बरंच टिकतं. उन्हात वाळवलेल्या आवळा सुपारीत ते बरंच कमी होतं, आणि मोरावळ्यात उष्णतेने घटतं, वर साखर येते. उन्हाळ्यात कच्च्या कोबीची किंवा ढोबळी मिरचीची कोशिंबीर चांगलं काम करते.

कोरडी त्वचा: जवस, बांगडा की कॅप्सूल

ओमेगा-३ च्या साध्या कॅप्सूलवर 'हजार मिलिग्रॅम' लिहिलेलं असतं, पण तो आकडा तेलाचा असतो. त्यातली कामाची ओमेगा-३ आम्लं, ईपीए आणि डीएचए, मिळून साधारण ३०० मिलिग्रॅम. शंभर ग्रॅम तारलीत मोसमानुसार तीन-चार कॅप्सूलइतकं मिळतं. मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खावी, शक्यतो तिखल्यात. रव्यात घोळवून कढईत तळल्याने तेल वाढतं, फायदा नाही.

शाकाहारी घरात जवस. दहा ग्रॅममध्ये, म्हणजे एका मोठ्या चमच्यात, दोन ग्रॅमहून जास्त एएलए, म्हणजे वनस्पतींतलं ओमेगा-३, असतं. शरीर त्यातला फार थोडा भाग ईपीएमध्ये बदलतं. तरीही कोरडेपणा-खरखरीतपणासाठी जवसतेलाच्या छोट्या चाचण्यांत थोडा फरक दिसलाय. अख्खं जवस खाल्लं तर जसंच्या तसं बाहेर पडतं, ते दळलेलंच हवं. मंद आचेवर तडतड थांबेपर्यंत चार-पाच मिनिटं भाजायचं, पूर्ण गार करून सुकी मिरची, मीठ, जिऱ्याबरोबर वाटून चटणी करायची. एकदा वाटलं की तेल हवेत खवट होतं, म्हणून थोडंच करून घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवावं आणि दोन-तीन आठवड्यांत संपवावं. ऑइलपेंटसारखा वास आला की फेकून द्यायचं. याच तेलावर ते रंग बनतात. चटणीबरोबर पाणी कमी पडलं तर पोट फुगतं.

पाण्याबद्दल मोघम सल्ले फार. शरीरात पाण्याची कमतरता नसेल तर आणखी चार ग्लास पिऊन चेहरा टवटवीत होत नाही.

मुरुमं: साखर कमी करावी की दूध सोडावं

इथे आहाराचा पुरावा सगळ्यात बरा आहे. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयाच्या ४३ मुलग्यांवर बारा आठवडे चाचणी झाली. रक्तातली साखर झपाट्याने न वाढवणारा आहार घेणाऱ्यांची मुरुमं दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाली. साखर उसळली की इन्सुलिन आणि त्याच्यासारखाच आयजीएफ-१ हा वाढीचा घटक वाढतो आणि तेलग्रंथी जास्त काम करू लागतात.

दुधाचा पुरावा याहून कच्चा आहे. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत शाळकरी वयातलं दूध आणि मुरुमं यांचा संबंध दिसला, आणि गंमत म्हणजे साय काढलेल्या दुधाशी तो जास्त ठळक होता. पण संबंध म्हणजे कारण नव्हे. दह्याचा असा संबंध फारसा दिसत नाही. व्हे प्रोटीन (दुधापासून काढलेली प्रथिनाची पावडर) सुरू केल्यावर पाठीवर-खांद्यावर मुरुमं उठल्याच्या नोंदी आहेत. जिमला जाणाऱ्या मुलाने आधी तो डबा महिना-दोन महिने बंद करून पाहावा.

आमचा कल स्पष्ट आहे: आधी साखर, मग व्हे, दूध सगळ्यात शेवटी. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे ४० ग्रॅम तिथेच झाले. उपासाची साबुदाणा खिचडी ही जवळपास निव्वळ स्टार्च असते. त्यात शेंगदाण्याचं कूट सढळ हाताने घाला, सोबत दही घ्या, किंवा भगर आणि शेंगदाण्याच्या आमटीवर भागवा. वयात येणाऱ्या मुलीचं दूध बंद करायचंच झालं तर कॅल्शियम कुठून येणार ते आधी ठरवा. ६० ग्रॅम पिठाची नाचणीची भाकरी २०० मिलिग्रॅमच्या आसपास देते, गरज मात्र रोज हजाराची आहे. सगळं एकदम बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

दोन खुणांवर आहाराचे प्रयोग करत बसू नये. हनुवटीवर मुरुमं आणि पाळी अनियमित असेल तर पीसीओएसची (संप्रेरकांच्या असंतुलनाचा, अंडाशयाशी संबंधित विकार) तपासणी करावी. मानेची, काखेची त्वचा मखमलीसारखी जाड आणि काळी झाली असेल तर तो मळ नसतो. अनेकदा ते इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं लक्षण असतं. हळद-बेसन घासून तो रंग जात नाही. वजन आणि साखर आटोक्यात आली की हळूहळू उतरतो.

जिथे गोळी जिंकते

लोह आणि बी-१२ या दोन्ही बाबतीत ताटाचा आग्रह धरणं चूक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. निस्तेज चेहरा, ओठांचे कोपरे फाटणं, फणीत केस येणं या तक्रारींवर बायोटिन घेण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) तपासावं. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर पालक-बीट खाऊन ते भरून निघायला फार काळ जातो. डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी घ्यावी, चहा आणि दूध तिच्यापासून किमान तासभर लांब ठेवावं.

शाकाहारी माणसाच्या बोटांच्या पेरांवर काळेपणा आला तर बी-१२ पाहावं. त्याची कमतरता रंगातूनही दिसते. गरज नसताना इंजेक्शनांचा कोर्स मात्र करू नये, त्याने काही जणांना मुरुमं येतात. रंग उजळवण्यासाठी ग्लुटाथिओन शिरेतून टोचून घेणं तर दूरच ठेवावं. फिलिपाइन्सच्या अन्न-औषध प्रशासनाने २०११ मध्येच त्याबद्दल इशारा दिला होता.

आणि बायोटिन? रोजची गरज ३०-४० मायक्रोग्रॅम, गोळीत पाच ते दहा हजार. साधं जेवण जेवणाऱ्याला त्याची कमतरता क्वचितच असते. एवढ्या मोठ्या डोसमुळे थायरॉइडचे आणि हृदयविकाराचा झटका ओळखायच्या ट्रोपोनिन चाचणीचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात, असं अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने २०१७ मध्ये जाहीर केलं. ही गोळी चालू असेल तर रक्त द्यायच्या आधी लॅबला सांगा आणि डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस बंद ठेवा.