सायकॉलॉजी रिसर्च मेथड्सचा रविवारचा ऑनलाइन क्लास : अर्धा भारी, अर्धा डोक्यावरून

बाहेरून एमए करतेय, मराठी माध्यम, आणि संशोधन पद्धतीचा पेपर म्हणजे माझ्यासाठी नुसती घोकंपट्टी होती. विश्वसनीयता म्हणजे काय, सप्रमाणता म्हणजे काय, गाईडमधून पाठ करायचं नि लिहून यायचं. म्हणून सहा रविवारांचा हा क्लास लावला, साडेतीन हजार रुपये. नाव टाकत नाही कारण पुढे थोडी तक्रार पण आहे.

पहिले तीन रविवार मॅडमनी घेतले आणि खरंच पैसे वसूल. पहिल्याच दिवशी विचारलं की तुम्हाला ठामपणे खरी वाटणारी एक गोष्ट सांगा, मी म्हटलं चहा घेतला की पाठांतर चांगलं होतं. तर म्हणाल्या मग घरी करून बघा, आकडे घेऊन या. मी दादाला चहा दिला, वीस शब्द वाचून दाखवले, किती आठवतात ते लिहिलं, मग तासाभराने बिनचहाचे दुसरे वीस शब्द. चहावाले चौदा, बिनचहाचे नऊ! मी खूश. मॅडम म्हणे, दुसऱ्या वेळी तो चहा नाही म्हणून विसरला की कंटाळला म्हणून? दुसरी यादीच अवघड असेल तर? आणि एकट्या दादावरून काय ठरवणार? मग निम्म्या लोकांना आधी चहा, निम्म्यांना नंतर, याद्याही आलटून पालटून, हे सगळं आमच्याच तोंडून काढून घेतलं. स्वतंत्र चल (आपण बदलतो ते, इथे चहा), आश्रित चल (आपण मोजतो ते, इथे आठवलेले शब्द) हे शब्द शेवटी सांगितले, तोवर ते कळलेलेच होते.

वर दादा म्हणाला की तुझ्या तोंडावरून कळत होतं तुला काय हवंय ते 😅 त्यावर बर्लिनच्या हान्स घोड्याची गोष्ट झाली. तो खुरांनी टापा मारून गणितं सोडवायचा, पण 1907 मध्ये फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोडा चुकतो, म्हणजे तो माणसाच्या नकळत होणाऱ्या हालचाली बघून थांबत होता. डबल ब्लाइंड, म्हणजे कोणाला काय दिलंय ते घेणाऱ्यालाही माहीत नाही नि तपासणाऱ्यालाही नाही, हे कशाला लागतं हे मला आता जन्मात विसरायला होणार नाही.

नीतिमत्तेचा भाग पण छान. मिलग्रामच्या प्रयोगात (प्रयोग घेणारा सांगतोय म्हणून लोक दुसऱ्याला विजेचे झटके देतात का ते बघायचं, झटके खोटे पण देणाऱ्याला ते माहीत नसतं) 40 पैकी 26 जण 450 व्होल्टपर्यंत गेले हे सगळ्या गाईडांत असतं, पण इथे आम्हाला त्या प्रयोगासाठी मराठीत संमतीपत्र लिहायला लावलं आणि लक्षात आलं की खरं सांगितलं तर प्रयोगच होत नाही. 2015 मध्ये मानसशास्त्रातले 100 अभ्यास परत करून पाहिले तेव्हा जेमतेम 36 टक्क्यांत परत सिग्निफिकंट (नुसता योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा) निकाल आला, हेही मॅडमनीच सांगितलं. ऐकून मी गारच पडले.

चौथ्या रविवारपासून सर आले आणि गाडी घसरली. टी-टेस्ट, अनोव्हा, सहसंबंध या आकडेवारीच्या पद्धती, सगळं दोन तासांत, स्लाइड वाचून. एसपीएसएस या आकडेवारीच्या विकतच्या सॉफ्टवेअरचे स्क्रीनशॉट, जे सॉफ्टवेअर आमच्यातल्या कोणाकडेच नाही. तसंच जास्प नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातलं, ते दाखवायला काय झालं होतं? आणि पी व्हॅल्यू 0.05 म्हणजे शून्य परिकल्पना (मुळात काही फरकच नाही हे गृहीतक) खरी असण्याची शक्यता 5 टक्के असं सरळ सांगितलं, जे चूक आहे. शून्य परिकल्पना खरी धरली तर एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, असं ते आहे. मी चॅटमध्ये लिहिलं तर "नंतर बघू", ते नंतर काही आलंच नाही. मुलाखती, गुणात्मक पद्धती वगैरेला पंधरा मिनिटं. रेकॉर्डिंग महिनाभरात बंद, हे पैसे भरताना कोणी बोललं नव्हतं.

पाचपैकी साडेतीन स्टार, ते सगळे मॅडमचे. नुसते पहिले तीन रविवार वेगळे देतात का ते आधी विचारा, आणि आकडेमोडीसाठी दुसरं कोणीतरी शोधा, मी पण शोधतेय.