मीटर म्हणतं ४७ हजार, दार म्हणतं १ लाख १८ हजार

वीस लाखांच्या आत वेगवान गाडी हवी म्हणून जुन्या गाड्यांचा बाजार पालथा घालणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मीटर मागे फिरवलेली अशी एक गाडी माझ्या गळ्यात मारली गेली. माझे पैसे परत मिळतील तेव्हा मिळतील. पण ज्या पद्धतीने ते गेले, ती पद्धत काही माझ्या एकट्यासाठी शोधून काढलेली नव्हती. ती सराईत आहे, ठरलेली आहे, आणि स्विफ्ट-बलेनोपेक्षा अशा हौशी गाड्यांवर जास्त चालते.

आपल्याकडे कमी पैशांत खरोखर पळणारी गाडी म्हटलं की पर्याय मोजकेच. फोक्सवॅगनची पोलो जीटीआय २०१६ च्या शेवटी आली, तीन दारांची, १९२ पीएसची. पण आल्याच थोड्या, आणि ज्यांच्याकडे आहेत ते सोडायला तयार नाहीत. अबार्थ पुंटो चालवायला झकास, पण फियाटनेच इथून गाशा गुंडाळल्यावर पार्टसाठी कोण वणवण करणार? ऑडी टीटी घ्यायला स्वस्त, सांभाळायला नाही. मग नजर जाते स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसवर. २०१७ मध्ये आलेली आरएस २३०: दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस, ३५० न्यूटन-मीटर टॉर्क, सहा गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), आणि एक्स-शोरूम किंमत तेव्हा पंचवीस लाखांच्या आत. तिच्यानंतरची आरएस २४५ कंपनीने २०२० मध्ये आणली ती फक्त २००, किंमत छत्तीस लाखांच्या घरात. त्यामुळे माझ्यासारखे बेताच्या बजेटवाले सगळे येऊन पडतात ते २३० वर. चार दारं आणि ५९० लिटरची डिकी असलेल्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, यावर वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. ज्याने ती एकदा खंबाटकीच्या चढावर चालवलीय तो वादात पडत नाही.

ठगाला नेमकी हीच गाडी का आवडते? गाड्या कमी, म्हणून बाजारभाव पक्का नाही. घेणारा आधीच प्रेमात पडलेला. आणि आधीच्या मालकाने ती गाडी सरळ वापरलेली असण्याची शक्यता कमी. रिमॅप (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं), त्याच्या पुढच्या पायऱ्या म्हणजे स्टेज १, स्टेज २, मोठा इंटरकूलर, आवाज करणारा एक्झॉस्ट, रात्री एक्स्प्रेस वेवर शर्यती, सगळं करून झाल्यावर गिअरबॉक्स कुरकुरायला लागला की गाडी विकायला येते. तेव्हा ती पुन्हा 'स्टॉक', म्हणजे कंपनीतून आली तशी, झालेली असते. म्हणजे वरवर.

मी बघत होतो तेव्हा बऱ्या अवस्थेतली २३० कोणी वीसच्या खाली देत नव्हतं. पुण्याबाहेर हायवेलगतच्या एका दुकानात मला निळी, दिल्ली पासिंगची, ४७ हजार किलोमीटर चाललेली गाडी साडेसतराला मिळत होती. दुकानदार गोड माणूस. "माऊली, आधी गाडी बघा, चालवा, पैशांचं नंतर बोलू." चहा आला. गाडी दिल्लीच्या डॉक्टरांची, सिंगल हँड, डॉक्टर सहकुटुंब अमेरिकेला गेले. (विकायला आलेल्या जुन्या गाड्यांपैकी निम्म्या डॉक्टरांच्या कशा असतात, हे एक कोडंच आहे.) भाव कमी का, तर दिल्लीचा नंबर, इथला टॅक्स तुम्हाला भरायचाय, म्हणून. हे पटण्यासारखंच होतं. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १३ टक्के, आणि दुसऱ्या राज्यातून आणलेल्या गाडीलाही वयाची घट धरून तो भरावाच लागतो. मोठं खोटं खपवायला असं एक खरं कारण पुढे ठेवलेलं असतं, हे ध्यानात ठेवा.

आता दाखवलं काय ते बघा. सीटचं कव्हर नवं, स्टिअरिंगचं लेदर नवं, ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलचे रबर नवे, टायर नवे. "डॉक्टरसाहेब टापटिपीचे होते." ४७ हजारांत या चारही गोष्टी बदलायची वेळ कुणावर येत नाही. चालवायला दिली तेव्हा इंजिन आधीच गरम होतं, "आत्ताच धुऊन आणली." थंड इंजिन चालू होतानाचा आवाज, थंड गिअरबॉक्सने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घेतलेला हिसका, हे काहीच कळू नये याची ती सोय. मोबाइलला जोडायचा छोटा डोंगल लावून त्याने माझ्यासमोर स्कॅनही मारला. शून्य फॉल्ट. हिरवी टिकमार्क.

सर्व्हिस हिस्टरीही होती, अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या बिलांच्या झेरॉक्स. २६,३१० किलोमीटरचं एक, ३६ हजारांवरचं एक. पहिल्या बिलात इंजिन ऑइलच्या खाली डीएसजीचं ऑइल आणि फिल्टर लावलेला होता. मी मनात म्हटलं, केवढी काळजी घेतलीय गाडीची. या गाडीतला डीएसजी ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या, क्लचचा. त्याचं ऑइल ६० हजारांवर बदलायचं असतं, २६ हजारांवर ते कुणी बदलत नाही. बिलावरचा पहिला आकडा तेवढा बदलला होता. ६६,३१० चे २६,३१० झाले, ९६ चे ३६. पण पार्टची यादी बदलायचं काम कंटाळवाणं, ते कोण करतो? तेव्हा बिल वाचताना किलोमीटर बघू नका, पार्ट बघा. कुठला पार्ट साधारण किती किलोमीटरला बदलतात हे आधी एखाद्या मेकॅनिकला विचारून ठेवा आणि मग यादी लावून बघा.

"संध्याकाळी मुंबईची पार्टी येतेय, टोकन टाकलंत तर गाडी तुमची." हे वाक्य सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. टोकन गेलं, मग बाकीचे पैसे. काही दुकानाच्या खात्यावर, काही 'पुतण्याच्या' खात्यावर, कारण दुकानाच्या खात्याची म्हणे लिमिट संपली होती.

गाडी घरी आली, काही आठवडे छान चालली, आणि मग चेक इंजिनचा दिवा लागला. यामागचं तंत्र समजून घ्या, कारण पुढच्याला वाचवणारी गोष्ट इथेच आहे. गाडीने नोंदवलेले दोषांचे कोड पुसले की ते दिसेनासे होतात, पण त्याबरोबर गाडीच्या स्वतःच्या काही तपासण्याही कोऱ्या होतात: ऑक्सिजन सेन्सरची, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वगैरे. गाडी थंड-गरम अवस्थेत, वेगवेगळ्या वेगाने पुरेशी चालली की मगच त्या पुन्हा पूर्ण होतात, आणि दोष असला तर तेव्हा कोड परत येतो. स्वस्तातल्या अ‍ॅपमध्येही 'रेडिनेस' नावाचं पान असतं. त्यावर तपासण्या अपूर्ण दिसल्या तर एवढंच समजा की कुणीतरी नुकतंच सगळं पुसलंय किंवा बॅटरी काढून लावलीय. शून्य फॉल्टच्या हिरव्या टिकमार्कला तेव्हा काडीची किंमत नाही.

भोसरीतल्या एका गॅरेजवाल्याकडे गेलो. स्कोडा-फोक्सवॅगनच्याच गाड्या करणारा, मितभाषी माणूस. कोड आला पी०४२०, म्हणजे कॅट (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) नीट काम करत नाही. गाडी लिफ्टवर घेतली तर काम करायला कॅट होतंच कुठे? टर्बोच्या पुढचा मूळ पाइप काढून तिथे कॅट नसलेला डाउनपाइप बसवलेला होता, स्टेज २ वाले लावतात तसा. विकताना सॉफ्टवेअर कंपनीचं परत टाकलं, पाइप तसाच ठेवला. स्टेज २ चं सॉफ्टवेअर असतं तर त्याने हा कोड दाबून ठेवला असता; मूळ सॉफ्टवेअरला कॅट हवं असतं, म्हणून ते बोंबललं.

मग त्याने लॅपटॉपवर पूर्ण स्कॅन लावला. हा स्कॅन आणि दुकानदाराचा डोंगल यांत जमीन-अस्मानाचा फरक. डोंगल बोलतो फक्त इंजिनाशी. या गाडीत एअरबॅग, एबीएस, गिअरबॉक्स, पार्किंग सेन्सर, दारं, प्रत्येकाचं वेगळं कंट्रोल युनिट असतं आणि प्रत्येक जण आपापली टिपणं ठेवतो. यादी खाली सरकत गेली. ड्रायव्हरच्या दाराच्या युनिटमध्ये एक जुना, फुटकळ कोड पडलेला होता, काचेच्या मोटरचा, कधीतरी आलेला आणि आपोआप गेलेला. कोडाखाली तो आला त्या वेळची नोंद असते. त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. मायलेज: १,१८,४३२ किलोमीटर. तारीख, मी गाडी घेतली त्याच्या आदल्या वर्षाची.

"दादा, मीटर मारणारा दाराला विसरला," एवढंच म्हणाला तो.

नंतर डीएसजीचं ऑइल काढलं. काळं, जळका वास, आणि फिल्टरमध्ये चमकणारा धातूचा चुरा. मूळचा ३५० चा टॉर्क वाढवून गाडी कुणीतरी वर्षानुवर्षं दामटली होती, आणि मीटर मागे केल्यामुळे १ लाख २० हजारांचा ऑइलचा हप्ता कुणाच्या लक्षात यायचा प्रश्नच नव्हता. मीटर मागे करण्याचं खरं नुकसान हे असं असतं. तुम्ही जास्त चाललेली गाडी महाग घेता, ते एक झालंच. वर तिला लागणारी दुरुस्ती तुम्हाला ४७ हजारांच्या हिशेबाने दिसते. पाण्याच्या पंपाचं प्लास्टिकचं घर ही या इंजिनाची माहीत असलेली दुखती जागा, तीही मी निवांत सोडून दिली असती. क्लच पॅक आणि मेकॅट्रॉनिकचं (गिअरबॉक्स चालवणाऱ्या कंट्रोल युनिटचं) एस्टिमेट साडेतीन लाखांच्या पुढे गेलं.

दुकानदाराचं उत्तर ऐका. "माऊली, मी तर मधला माणूस. गाडी डॉक्टरांची, व्यवहार तुमचा आणि त्यांचा." आरसीवर नाव डॉक्टरांचं, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या डॉक्टरांच्या, दुकानाचं नाव कुठेच नाही. डॉक्टरांचा नंबर बंद. डिलिव्हरी नोटवर खाली बारीक इंग्रजीत छापलेलं, मीटर रीडिंगची हमी नाही.

ही पळवाट बुजवणारा नियम आहे, आणि तो फारसा कुणाला ठाऊक नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरला परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. मालकाने गाडी अशा डीलरच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी भरून तसं कळवायचं असतं. त्यानंतर गाडी विकली जाईपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक डीलरच. मग 'मी मधला माणूस' हे चालत नाही. तेव्हा चहा पिण्याआधी अधिकारपत्र दाखवा म्हणा आणि या गाडीचा २९सी भरलाय का ते विचारा. दुकान केवढंही चकचकीत असो, "आमच्याकडे तसलं काही लागत नाही" असं उत्तर आलं तर चहा राहू द्या. आणि पैसे ज्याचं नाव पावतीवर आहे त्याच्याच खात्यावर. पुतण्या, मेहुणा, कुणी नाही.

पोलीस चौकीत पहिलं वाक्य मिळालं, "हे दिवाणी आहे." फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, लेखी अर्ज देऊन पोच घेतलीय, बघू. जिल्हा ग्राहक आयोगात मात्र तक्रार दाखल झाली. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच जाता येतं, मुदत दोन वर्षांची, आणि माझ्या रकमेच्या टप्प्याला फी होती ४०० रुपये. वकिलाने सगळ्यात आधी विचारलं ते स्कॅनच्या प्रिंटबद्दल. त्यावर गाडीचा चासी नंबर, स्कॅनची तारीख आणि दाराच्या युनिटची ती नोंद, तिन्ही एकाच कागदावर होती म्हणून बरं. मालक म्हणून अर्ज देऊन सर्व्हिस सेंटरकडून मूळ नोंदीही काढल्या. त्यात ६६,३१० स्वच्छ छापलंय.

तुमच्यावर ही वेळ आली तर गॅरेजवाला सवयीने कोड पुसायला जाईल, त्याला आधी थांबवा. माझ्या गाडीतला तो काचेचा कोड अजून तसाच आहे, निकाल लागेपर्यंत राहील. गिअरबॉक्स दुरुस्त झालाय. आणि मावसभावाला त्याच दुकानातून फोक्सवॅगनची एक जीटी टीएसआय घ्यायची होती, त्याने गाडी आमच्या भोसरीच्या माणसाकडे तासाभरासाठी नेऊ का असं विचारलं, तर म्हणे त्या गाडीला आजच टोकन आलंय.