चौदा महिने, सहा हजार किलोमीटर आणि तिसरा सिलिंडर

या गाडीने चौदा महिन्यांत मला चार वेळा रस्त्यात उभं केलं. त्यातल्या तीन वेळा दगा देणारा भाग मीच हौसेने बसवलेला, डब्यातून नुकताच काढलेला, नवा कोरा होता. जुनी गाडी पुन्हा चालती करायचं कोणाच्या मनात असेल, तर त्याने आधी एवढंच ऐकावं. बाकीचं सवडीने वाचलं तरी चालेल.

गाडी फोक्सवॅगन बीटल, १९६९ची, १३०० सीसी, बारा व्होल्टची. अकरा वर्षं एका जागी उभी होती. ताब्यात आल्यापासून पहिला किलोमीटर व्हायला पाच महिने गेले आणि त्यानंतरच्या चौदा महिन्यांत ६,२०० किलोमीटर झाले. बीटलच का, तर सुट्या भागांसाठी. १९३८ ते २००३ या काळात दोन कोटी पंधरा लाखांहून जास्त बीटल बनल्या. शेवटची ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतल्या प्वेब्लाच्या कारखान्यातून बाहेर पडली. त्यामुळे वायसरपासून दाराच्या रबरापर्यंत जवळजवळ सगळं आजही नवीन मिळतं. हा तिचा सगळ्यात मोठा गुण. मी फसलो तोही त्यातच.

गाडी आली त्या दिवशी जो येईल तो एकच विचारायचा, "चालू होते का?" अकरा वर्षं उभ्या असलेल्या इंजिनाला बॅटरी लावून चावी मारण्याचा मोह फार वाईट. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असल्या आणि स्टार्टरने जोर लावला, तर जे हाताने सुटलं असतं ते तुटतं. मी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकातून दोन-दोन चमचे पातळ तेल सोडलं आणि तीन दिवस हात लावला नाही. चौथ्या दिवशी क्रँक पुलीच्या बोल्टला तीस नंबरचा पाना लावला. पहिल्यांदा काहीच हललं नाही. मग एवढासा आवाज झाला, बरणीचं जाम झाकण सुटताना होतो तसा, आणि पुली बोटभर फिरली. या सगळ्या खटाटोपातला तो क्षण मला इंजिन चालू झालं त्या दिवसापेक्षाही जास्त लक्षात आहे. त्यानंतर ऑइल बदलून, प्लग न लावताच, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारला. ठिणगी आणि पेट्रोल त्याच्याही नंतर.

पेट्रोलच्या टाकीत तळाला वार्निशसारखा चिकट थर होता आणि वास रंगाच्या जुन्या डब्यासारखा. टाकी उतरवून धुतली. कार्बोरेटर खोलून साफ केला. तो मूळचाच आहे आणि आजही उत्तम चालतो.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी कशाचीही गय केली नाही. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे व्हील सिलिंडर, रबरी होज आणि लोखंडी पाइप असं सगळं नवीन घातलं. रबरी होज बाहेरून धडधाकट दिसतात आणि आतून फुगून बंद झालेले असतात. मग पाय उचलला तरी ब्रेक सुटत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, तेव्हा गाडी चालो न चालो, दर दोन वर्षांनी ते बदलावंच लागतं. मागचे ड्रम काढताना खरा घाम फुटला. मधला नट ३६ मिलिमीटरचा आणि सुमारे ३०० न्यूटन मीटरला आवळलेला. पान्याला हातभर पाइप लावला, पाइपवर उभा राहिलो, उड्या मारल्या. शेवटी आमच्या ओळखीच्या एका वयस्कर मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "अहो, गाडी जॅकवर कशाला चढवलीत? चाकं जमिनीवर ठेवा, हँडब्रेक ओढा, आणि पाइप दुप्पट लांबीचा घ्या. नट आपलं वजन बघतो, जोर नाही बघत." पाच मिनिटांत दोन्ही नट सुटले.

पेट्रोलचे रबरी पाइपही ब्रेकइतक्याच निकडीचे. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला मऊ करतं, नाहीतर त्याला चिरा पाडतं. बीटलचं इंजिन मागे, आणि त्यावर पेट्रोल ठिबकलं की थेट आग. दुसरी धोक्याची जागा म्हणजे बॅटरी. ती मागच्या सीटखाली असते. तिच्यावरचं झाकण हरवलेलं असेल आणि मागे दणकट माणूस बसला, तर सीटच्या स्प्रिंगा बॅटरीच्या टोकांना टेकतात. माझ्या गाडीत झाकण नव्हतं. सीटच्या खालच्या बाजूला काळा डाग मात्र होता, म्हणजे आधी कोणाच्या तरी वेळी हा प्रकार होऊन गेलेला.

थांबवणारं आणि पेट घेणारं असं सगळं मी बदललं, आणि त्याचा एकदाही पश्चात्ताप झाला नाही. तिथेच थांबायला हवं होतं.

पण नवीन भाग सहज मिळतात म्हटल्यावर हात शिवशिवतातच. चालू असलेला कंडेन्सर (ठिणगीच्या यंत्रणेतला एक छोटा भाग) मी "जुना आहे" एवढ्याच कारणाने बदलला. नवा तीनशे किलोमीटरवर मेला. इंजिन गरम झालं की फटफट करून बंद पडायचं, थंड झालं की पुन्हा शहाण्यासारखं चालू व्हायचं. असं तीनदा झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला. नशीब एवढंच, की काढलेला कंडेन्सर फेकला नव्हता, जुन्या मोज्यात गुंडाळून डिकीत ठेवला होता. (डिकी पुढे. हे वर्षभरानंतरही माझे हात विसरतात.) रस्त्याच्या कडेला एका स्क्रूवर तो परत बसवला आणि घरी आलो. आजही तोच आहे.

दुसऱ्यांदा पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे दोन तुकडे. नवे पॉइंट बसवले, गॅप ०.४ मिलिमीटर बरोबर लावली, पण त्यांना उघडणाऱ्या कॅमवर ग्रीसचं बोट फिरवायला विसरलो. पॉइंटची टाच घासत गेली, गॅप बंद झाली, गाडी बंद. यात दोष माझाच. तिसऱ्यांदा पेट्रोल पंप. नव्या पंपाचा दाब कार्बोरेटरला झेपेना. सुईचा व्हॉल्व्ह बंद असतानाही पेट्रोल आत घुसायचं आणि इंजिन पेट्रोलने गुदमरायचं. पंपाखाली आणखी गॅस्केटं घालून त्याचा स्ट्रोक कमी करता येतो, पण मी सरळ जुन्या पंपाचा पडदा बदलून तोच परत चढवला. चौथ्या वेळी अॅक्सिलरेटरची केबल तुटली. ती जुनी होती, तिचं म्हणणं मी मान्य केलं.

चारही प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरने रस्त्यात उभं केलं नाही, पण दोन महिने वैताग दिला. कोणीतरी सांगितलं, व्हॅक्यूमवर ठिणगीची वेळ बदलणारा जुना डिस्ट्रिब्युटर काढा आणि ती फक्त फिरत्या वजनांवर बदलणारा नवा लावा, देखभाल कमी. लावला. सिग्नलवरून निघताना पाय दाबला की गाडी क्षणभर विचार करायची आणि मग निघायची. जुना डिस्ट्रिब्युटर बाकावर घेऊन बसलो, व्हॅक्यूमच्या नळीला तोंड लावून हवा ओढली आणि जिभेने नळी बंद केली. आतली प्लेट सरकली आणि सरकलेलीच राहिली. म्हणजे पडदा पन्नास वर्षांनंतरही धड! तो साफ करून, तेलाचे दोन थेंब देऊन परत बसवला आणि पिकअपची खोट गेली.

आता रोजच्या वापराबद्दल. रस्त्यावर ती अजून मजबूत आहे, पण आजच्या गाडीच्या सवयीने चालवली तर घाबरवते. चारही ड्रम ब्रेक, तेव्हा पुढच्या गाडीपासून अंतर दुप्पट ठेवा. मागचा अॅक्सल चाकासकट वरखाली झुलणारा. वळणावर वेगात शिरून मध्येच एकदम पाय काढला की मागची चाकं आत दुमडू पाहतात आणि शेपूट सुटतं. वेग वळणाआधी कमी करायचा आणि वळणात पाय हलका पण दाबलेला ठेवायचा. टायरमध्ये पुढे १८ आणि मागे २७ पौंड हवा. हवा भरणारा दर वेळी "एवढीच?" म्हणून सगळीकडे सारखी भरायला जातो, म्हणून आता पंप मीच धरतो. काच धुण्याचं पाणी स्टेपनीतल्या हवेच्या दाबावर उडतं. ही युक्ती ज्याला सुचली त्याला नमस्कार, पण पाणी संपायच्या आधी हवा संपते.

तापमानाचा काटा या गाडीत नाही, कारण रेडिएटरच नाही. इंजिन हवेवर थंड होतं आणि हवा फेकणारा पंखा डायनॅमोच्या शाफ्टवर असतो. म्हणून चार्जिंगचा लाल दिवा चालता चालता लागला, तर "बॅटरीचं घरी जाऊन बघू" असं म्हणायचं नाही. बेल्ट तुटलेला असू शकतो, म्हणजे पंखा थांबला, म्हणजे इंजिन तिथल्या तिथे भाजतंय. लगेच कडेला घ्यायची. एक बेल्ट आणि २१ नंबरचा पाना माझ्या डिकीत कायम असतो. हीटर एग्झॉस्टच्या भोवतीने फिरलेली गरम हवा आत आणतो, तेव्हा सायलेन्सरकडे कुठे गळती असेल तर विषारी धूरही आतच येणार. हीटर लावून डोकं जड व्हायला लागलं, तर काच उघडून थांबा आणि आधी ते जोड बघा.

देखभाल म्हणाल तर ऑइल आणि टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलून उघडणारे भाग). ऑइल अडीच लिटर, फिल्टर नाही, फक्त जाळी. त्यामुळे दर तीन-चार हजार किलोमीटरला बदलतो, आणि जुन्या चपट्या टॅपेटना चालणारं, जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं घेतो. जाळीच्या झाकणाचे सहा नट अगदी हलक्या हाताने आवळायचे असतात, सात न्यूटन मीटरच्या आसपास. गळू नये म्हणून मी दुसऱ्याच वेळी थोडा जास्त जोर दिला आणि एक स्टड हातात आला. गळती जिथे एक थेंब होती तिथे धार लागली.

टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची गॅप लावणं, मला आवडायला लागलंय. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणून शनिवारी रात्री गाडी लावायची आणि रविवारी सकाळी तिच्याखाली शिरायचं (जॅकवर नाही, स्टँडवर). रॉकर कव्हर एका तारेच्या कडीवर असतं. स्क्रूड्रायव्हरने कडी खाली ढकलली की कव्हर सुटतं आणि थोडं ऑइल बाहीत शिरतं. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर आणायचा, दोन्ही व्हॉल्व्ह ०.१५ मिलिमीटरला लावायचे, पुली उलटी अर्धा फेरा फिरवायची, मग दुसरा, तिसरा, चौथा. फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पाती) ओढताना लोण्यातून सुरी काढल्यासारखी जरा अडली पाहिजे. हे शब्दांत सांगता येत नाही, पण चौथ्या-पाचव्या व्हॉल्व्हला हात शिकतो.

सेटिंगआधी प्रत्येक व्हॉल्व्हची गॅप किती निघाली ते मी वहीत लिहितो. ही सवय नसती तर पुढचं कळलंच नसतं. टॅपेट किंवा व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर झिजले की गॅप वाढते आणि टकटक आवाज येतो, तो कोणालाही ऐकू येतो. व्हॉल्व्ह ताणला की उलटं होतं. गॅप कमी होते आणि इंजिन शांत होतं. एवढ्यात आवाज किती छान झालाय असं मी दोघातिघांना कौतुकाने ऐकवलंही होतं.

वहीत तिसऱ्या सिलिंडरचा एग्झॉस्ट व्हॉल्व्ह असा आहे: पाचशे किलोमीटरला ०.१३, अडीच हजाराला ०.१०, पाच हजाराला ०.०८. बाकीचे सात जागच्या जागी. तिसराच का, याचं उत्तर या इंजिनाच्या रचनेत आहे. माझ्या साली ऑइल कूलर पंख्याच्या घरातच, तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेत उभा असायचा, त्यामुळे त्या सिलिंडरला मिळणारी हवा आधीच कमी आणि गरम. १९७१च्या मॉडेलपासून कूलर बाजूला सरकवला. पण सगळं डिझाइनवर ढकलून चालणार नाही. इंजिनाच्या कडेने जो रबराचा पट्टा असतो, तो माझ्या गाडीत नव्हता. ते फक्त धूळ अडवायचं रबर असेल असं समजून पहिले सहा महिने मी तो घातलाच नाही. प्रत्यक्षात तो खालची तापलेली हवा वर पंख्याकडे येऊ देत नाही. नव्या पंपावर आणि डिस्ट्रिब्युटरवर वेळ घालवला आणि हा पट्टा राहिला.

पट्टा घातला, पण ताणलेला व्हॉल्व्ह परत आखडत नाही. गेल्या रविवारी, ६,२०० किलोमीटरला, ०.०५ची पातीही जेमतेम शिरली. असा व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर पडला की सगळंच इंजिन जातं, म्हणून त्या दिवसापासून गाडी बंद आहे. इथे मात्र नवा व्हॉल्व्ह लागणार, आणि बहुधा त्या बाजूच्या हेडचं सगळंच काम. सोय एवढीच, की बीटलचं इंजिन चार बोल्टांवर टांगलेलं असतं. पेट्रोलचा पाइप चिमटा लावून बंद केलाय, वायरींना चिठ्ठ्या बांधल्यात, खालचे दोन नट आणि वरचा डावा सुटलाय. उजवा पंख्याच्या घरामागे आहे. हात पोचतो, पण पाना फिरत नाही.